मारिसोलचा नकार

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. मारिसोलचा पहिला नकार मी गिळला होता.

मारिसोल मेक्सिकोची, इंजिनियर. चेन्नईतली मोठी नोकरी सोडून तिनं कुंभकोणमला स्वतःची कंपनी काढली. हातमागावर ताण्याचा धागा तुटला की दिवा लावणारी पेटी ती बनवायची. जवळच्या दारासुरम्‌ला, विणकरांच्या गावी, कुणाच्याही घरी गेली की चपला काढून थेट मागाच्या खड्ड्यात उतरायची. लॅपटॉप नंतर. "माझ्या आईचा माग मला खाली बसूनच कळला," म्हणायची. विणकर बायका तिला मारिअम्मा म्हणत. देवीसारखी कोपते म्हणून, हे कळल्यावर स्वारी खूश.

मी तिचा दुभाषा. आमच्या घरात मराठी, बाहेर तमिळ, ऑफिसात इंग्रजी.

विणकर संघाचे प्रमुख सुंदरम अय्या म्हणाले, पेट्या घेऊ, पण शिकवायचं पुरुषांनाच. बायकांनी धाग्याच्या कांड्या भराव्यात. मारिसोल शांतपणे म्हणाली, "नाही. बायका शिकणार नसतील तर पेट्या परत नेते." अय्या माझ्या वडिलांचे स्नेही. त्यांच्या तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटेना. मी तमिळमध्ये सांगितलं, तुमच्या मनासारखं होईल. ते हसले. मारिसोलला सांगितलं, त्यांनी मानलं.

शिकवणीच्या दिवशी संघाच्या दारात सगळे पुरुष. शेण्बगम नावाची विणकरीण बायकांना घेऊन आली होती, तिला संघानं परत पाठवलेलं. मारिसोलनं पेट्या रिक्षात भरल्या आणि शेण्बगमच्या ओसरीवर वर्ग मांडला. अय्या संतापले, ही बाई शब्दाची नाही. ती मला म्हणाली, म्हाताऱ्यानं शब्द मोडला. दोघांसमोर मी नुसती मान हलवली.

मग ती हट्टानं तमिळ शिकली. पुढच्या बैठकीत अय्यांनी पुन्हा तोच विषय काढला, तेव्हा माझ्याकडे न बघता स्वतःच म्हणाली, "मुडियादु, अय्या." होणार नाही. बाहेर आल्यावर मला चिडवलं, "तीन भाषा येतात तुला, आणि एकीतही नाही म्हणता येत नाही?" तिला काहीच ठाऊक नव्हतं. मी हसलो.

आज दारासुरम्‌चा पेट्यांचा कारखाना शेण्बगम चालवते. मारिसोल दुसरा काढायला मेक्सिकोत आईच्या गावी गेली. निरोपाच्या दिवशी तिनं तमिळमध्ये भाषण केलं. एका वडीलधाऱ्यानं शब्द मोडला म्हणून मी तुमची भाषा शिकले, म्हणाली. सगळे हसले. पहिल्या रांगेत अय्या खाली मान घालून बसले होते. टाळ्या मीही वाजवल्या.

अय्यांनी शब्द मोडला नव्हता. तिनंही नाही. हे त्या दोघांना सांगण्याचं देणं मी अजून लागतो.