हिरव्या पाठीचं धनुष्य

डोहाळजेवणात बाईच्या हातात धनुष्यबाण देऊन फोटो काढायची हौस पहिल्यांदा कुणाला सुचली कोण जाणे. सिंगापूरमधल्या आमच्या मराठी बायकांनी ती क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटपर्यंत आणली होती. त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, एक काठी वाकवून आण, फुलं आम्ही गुंडाळतो. एवढंच काम. पण आमचे महाशय पडले इंजिनियर. तुआसच्या गोदीत जहाजांच्या मशिनरीत दिवस काढणारा माणूस. त्याला काठीला धनुष्य म्हणणं पटेना. करायचं तर खरं, लाकडाचं, बाण सुटेल असं. मात्र छोटं, मला बसून धरता येईल एवढं.

मग कुठल्याशा लाकडाच्या दुकानातून ओकची फळी आणली, एमआरटीतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, झेंड्यासारखी उभी धरून. बाळासाठी एक खोली रिकामी ठेवली होती, तिथे वर्तमानपत्रं पसरून हा रंधा मारायला बसला. घरात साधा खिळा ठोकायचा तरी बोट ठेचून घेणारा माणूस! डोहाळजेवणाचा दिवस उजाडला तेव्हा फळीची फक्त एक जाड पट्टी झाली होती. बायका हसून हसून बेजार. शेवटी एकीने थर्माकोलचं धनुष्य आणलं. फोटोत मी हिरव्या रेशमी साडीत, फुलांचे दागिने घालून, थर्माकोल ताणून बसलेय.

बाळ नवव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगी होती.

हॉस्पिटलमध्ये नर्सने विचारलं, बघायचंय का, हातात घ्यायचंय का. पुण्याहून आई फोनवर होती. बघू नकोस, ती म्हणाली, एकदा बघितलंस की आयुष्यभर डोळ्यांसमोरून हलणार नाही. आमच्याकडे सगळ्यांचंच हे मत. मी नर्सला नको म्हणून मान हलवली. नवरा पलीकडच्या खोलीत गेला. बऱ्याच वेळाने परत आला आणि मला पाणी हवंय का, असं विचारलं. मी हो म्हटलं.

त्यानंतर घरात एवढंच होतं: त्याने तिला बघितलं होतं आणि मी नव्हतं. ती कशी दिसत होती, हे मला हवं होतं. दुसरं काही म्हणजे काहीच नको होतं. पण विचारायला तोंड उघडलं की दूध संपलंय, असलंच काहीतरी बाहेर पडायचं. तोही मग दूध आणायला जायचा.

रडू तर आलंच नाही. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, रडून घे गं, मोकळी हो. मोकळी काय होणार, कपाळ? आत काही अडकल्यासारखंच वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गालाला हात लावून बघावा तसं मी स्वतःकडे बघायचे. बायका गेल्या की कप विसळायचे.

आईने माझं पुण्याचं तिकीट काढायला लावलं. दसऱ्याच्या संध्याकाळचं, चांगला दिवस म्हणून. सगळ्यांना सांगायला हवापालट. परतीचं तिकीट काढलं नव्हतं. ते त्यानेही बघितलं होतं. एकदा पुण्याला गेले की हे फोनवर विचारणं माझ्याच्याने होणार नाही, आणि न विचारता गेले तर मी परत येणार नाही, हे मला स्पष्ट कळत होतं. कळून काय, सकाळी उठून मी पोळ्या करायचे.

अशात एका शनिवारी त्याने ती पट्टी पुन्हा बाहेर काढली. का, ते मी विचारलं नाही. कानस घेऊन बसला. मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पाती सारख्या वाकल्या पाहिजेत, म्हणून जी ताठ राहील ती आणखी थोडी तासायची, पुन्हा वाकवून बघायची, पुन्हा तासायची. खर्र खर्र आवाज दिवसभर. शेजारची चिनी आजी दाराशी आली. मला वाटलं तक्रार असेल. तर ती हसत, इथल्या लोकांसारखं शेवटी लाह जोडून म्हणाली, बेबी कॉट बनवताय? व्हेरी गुड, लाह. मी यस म्हटलं आणि दार लावून घेतलं.

धनुष्याची पुढची बाजू म्हणजे पाठ आणि आपल्याकडे येते ते पोट, हे त्याने मला सुरुवातीला मोठ्या उत्साहाने शिकवलं होतं. आता पोटाला तो ‘आतली बाजू’ म्हणायला लागला होता. माझ्या लक्षात आलं. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

पाठीवर एका ठिकाणी लाकडाच्या रेषा तिरक्या जाऊन कडेला संपत होत्या. ताणलं की तिथूनच ढलपी उचकटणार आणि धनुष्य मोडणार, असं तो म्हणाला. त्यावर उपाय म्हणजे पाठीला कापड चिकटवायचं, लाकूड धरून ठेवायला. रेशीम सगळ्यात चांगलं. लिटिल इंडियात मिळेल का, असं मला विचारत होता. मी उठले, कपाटातून हिरवी साडी आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. ती साडी घरात ठेवू नकोस, कुणाला तरी देऊन टाक, असं आई प्रत्येक फोनला सांगत होती.

तो साडीकडे बघत राहिला. कात्री काही उचलेना. मग मीच स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि पदराच्या बाजूने उभी पट्टी कापली. रेशीम कापताना मऊसा आवाज येतो. तो ऐकून त्याने मान खाली घातली, आणि माझ्या मनात आलं, की अरे, तुला निदान मान तरी खाली घालता येते.

चिकटवायला चार हात लागले. लाकडाला सरस फासायचा, पट्टी ओली करून पसरायची, आणि मधल्या मुठीपासून टोकांकडे अंगठ्याने दाबत जायचं, खाली हवा राहता कामा नये. एका टोकाकडे मी, दुसऱ्याकडे तो. इथल्या दमट हवेत सरस वाळता वाळेना. दोघं येता-जाता बोट लावून बघायचो. आमचं तेवढंच बोलणं व्हायचं: अजून ओलं आहे.

वाळलं, पुन्हा थोडं तासलं, आणि खंडेनवमीच्या सकाळी त्याने दोरी चढवली. छान झालं होतं, खोटं कशाला बोलू. हिरवी पाठ, आणि दोन्ही पाती सारख्या वाकलेल्या. मी पाटावर सुरी, विळी, स्क्रूड्रायव्हर, दोघांचे लॅपटॉप मांडले होते. भाजी आदल्या दिवशीच चिरून फ्रीजमध्ये ठेवली होती, कारण पूजा झालेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही. त्याने धनुष्यही आणलं, पण दोरी उतरवायला लागला. चढवलेलं ठेवायचं नसतं, म्हणाला, लाकूड दमतं.

“मग काय काठीची पूजा करू?” मी म्हटलं. “राहू दे तसंच.”

त्याने राहू दिलं. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. दिवसभर आणि रात्रभर धनुष्य तसंच ताणलेलं पाटावर पडून राहिलं. मी माझी बॅग भरली.

दसऱ्याला सकाळी आरती झाल्यावर त्याने ते उचललं आणि दोरी उतरवली. धनुष्य सरळ व्हायला हवं होतं. झालं नाही. दोरी नसतानाही तसंच वाकलेलं राहिलं. त्याने पुन्हा दोरी चढवली, ताणून बघितलं. सहज ताणलं गेलं, लहान मुलाच्या खेळण्यासारखं. सगळा जोर गेला होता. इतक्या महिन्यांची मेहनत माझ्या एका वाक्याने वाया गेली होती. आता तरी हा मला काहीतरी बोलेल म्हणून मी उभी राहिले.

तो म्हणाला, “असू दे. भिंतीवर लावू.”

आणि माझ्या डोक्यात जी तिडीक गेली! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि आलं ते असं. मी त्याच्या हातातून धनुष्य हिसकावून घेतलं. तू सांगत होतास आणि मी ऐकलं नाही, मग बोल ना मला, माझ्यावर ओरड, असू दे काय असू दे, प्रत्येक गोष्ट काय असू दे, असं मी काहीबाही बडबडत होते. तो हात लोंबते सोडून उभा. मग माझा आवाज मलाच वेगळा ऐकू आला.

“कशी होती ती?”

तो खाली बसला, पाटाशेजारी, फरशीवर. मला वाटलं, संपलं, आता नाही सांगत हा.

“केस होते,” तो म्हणाला. “खूप. ओले होते, कपाळाला चिकटलेले. मी बाजूला केले.”

मी त्याच्यासमोर बसले.

“हात दुपट्यात होते. मी एक बाहेर काढला.” त्याने आपलाच पंजा उघडून समोर धरला, त्यात काहीतरी ठेवलेलं असावं तसा. “नखं वाढली होती तिची. कापायला झाली होती.”

दुपारी आई फोनवर फोन करत होती, टॅक्सी सांगितलीस का म्हणून. टॅक्सी सांगितलीच नाही. संध्याकाळी विमान गेलं तेव्हाही आम्ही तिथेच फरशीवर होतो, आणि तो मला तिचे कान कसे होते ते सांगत होता.