लाल दिव्यावरची काळी चिकटपट्टी

तो जपानी दिग्दर्शक आमच्या एडिनबराच्या घरी जेवायला आला तो निव्वळ माझ्या हट्टामुळे. पुण्यात कॉलेजात असल्यापासून मी त्याच्या सिनेमांनी वेडा झालो होतो. स्टुडिओंनी त्याला कधी दारात उभं केलं नाही. कारखान्यात राबून त्याने पहिले सिनेमे काढले, दोन त्याच्याच देशात बंद पाडले गेले, एकावर खटला चालला, आणि तरी जगभरातले माझ्यासारखे मूठभर लोक घासलेल्या कॅसेटी एकमेकांना पोचवत राहिले. त्याच्यावर आरोप एकच: तो माणसांना न सांगता त्यांचं चित्रण करतो. कॅमेरा चालू असल्याचं सांगणाऱ्या लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी लावतो आणि कॅमेरा विसरल्यासारखा कुठेतरी ठेवून देतो. मित्रांशी वाद घालताना मी ठणकावून सांगायचो, "खरं हवं तर परवानगी कसली मागायची?" अक्कल पाजळायला माझं काय जात होतं!

नवं शतक सुरू होऊन काही वर्षं झाली होती. मी इथल्या एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करत होतो. त्याच्या सिनेमांचा छोटा महोत्सव भरला, तेव्हा त्याला हॉटेलवरून ने-आण करायचं काम मी मागून घेतलं. दोन दिवस तो सँडविचवर काढतोय हे पाहून आपल्याकडच्या कुणालाही सुचेल तेच मला सुचलं.

"अरे, आत्ता नको ना," बायको म्हणाली. "मला कुणासमोर बसवत नाहीये."

तिचे बाबा जाऊन तीन आठवडे झाले होते. आमचे पासपोर्ट व्हिसा एक्स्टेन्शनसाठी इथल्या गृहखात्यात, होम ऑफिसला पडून होते, म्हणून तिला जाता आलं नव्हतं.

"सोमवारी चाललाय तो. नुसता वरण-भात कर," मी म्हटलं.

रविवारी दुपारी तो आला, पोटभर जेवला आणि शेल्फवरच्या तिच्या बाबांच्या फोटोकडे बोट दाखवून हे कोण, म्हणाला. ती आधी इंग्रजीत बोलली, मग तिचं तिलाच न कळता मराठीत. "दादाने स्मशानात फोन धरला होता. मला नुसता वारा ऐकू येत होता." मग ती रडली. बाबा गेल्याची बातमी आल्यापासून प्रथमच, मोठ्याने. मी एकेक वाक्य त्याला इंग्रजीत सांगत होतो. लोणच्याच्या बरणीशेजारी त्याचा कॅमेरा पडला होता, त्यावर चिकटपट्टी होती. मी पाहिली. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. माझं घर त्याच्या सिनेमात!

वर्षभराने तो सिनेमा इथे लागला. आम्हाला पास आले. त्या दुपारी कॅमेरा चालू होता हे मी तिला सांगितलं नव्हतं. तो प्रसंग त्याने घेतलाच नसेल, अशी स्वतःची समजूत घालून घेतली.

पडद्यावर तिचा चेहरा आला आणि हलेना. शेजारी ती दगडासारखी बसली होती. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं: मला कल्पनाच नव्हती गं.

तेवढ्यात तिच्या खांद्यामागे मी दिसलो, हातात भाताचा डाव. पडद्यावर मी थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे वळून हळूच विचारलं, "मग? पुढे?"

बाहेर बसस्टॉपवर मी त्या माणसाला शिव्या घालायला लागलो. तिने मला थांबवलं.

"त्याचं सोड," ती म्हणाली. "तो परका होता."