रंगारी बाईंचे आठ खण

रंगारी बाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी कॉम्प्युटरच्या खोलीच्या दाराशी जाऊन मोठ्या अदबीनं नमस्कार केला, तर बाईंची नजर माझ्या चपलांवर. चपला नव्या होत्या, चालताना करकर वाजायच्या. बाईंनी त्या नीट न्याहाळल्या आणि म्हणाल्या, "वाजणारी चप्पल चांगली गा. मले पाहावं लागत नाही, बसल्या जागी समजते." मग विचारलं, "नाव लागलं का तुझं?" मी म्हटलं, डांगरे. त्यावर त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. नाव असणं वेगळं आणि नाव लागणं वेगळं, हे कळायला मला पुढं आठवडाभर लागला.

आमची कंपनी कोळशाच्या खाणींना पट्टे, बेअरिंगा आणि पंपांचे सुटे भाग पुरवायची. ऑफिस नागपुरात धरमपेठेत, गोदाम कन्हानला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर शेठजींनी कॉम्प्युटर आणला. मुख्य यंत्र एक आणि त्याला जोडलेले पडदे बरेच. बिलं आणि मालसाठा सांभाळायचं सॉफ्टवेअर पुण्याच्या एका कंपनीकडून घेतलं होतं, आणि त्या कंपनीची अट मोठी चमत्कारिक होती. सॉफ्टवेअर विकत घेतलं तरी ते कोणीही वापरायचं नाही. आठ माणसांची नावं कळवायची आणि त्या आठांनीच वापरायचं; जास्त नावं हवी तर त्यांचे पैसे वेगळे. एखादं नाव बदलायचं असेल तर जुनं काढून, पुण्याला कळवून, मगच नवं लावायचं. पुण्याचा माणूस न सांगता येऊन तपासणार, आणि खोट सापडली तर सॉफ्टवेअर बंद. आमच्याकडे सगळी बिलं त्यातच अडकलेली, त्यामुळे ते बंद म्हणजे दुकानच बंद.

आता यंत्राला काही माणूस ओळखू येत नव्हता. त्याला फक्त पासवर्ड कळायचा. त्या आठांतल्या गोतमारेंचा पासवर्ड टाकून कोणीही बसला तरी ते बिचारं त्याला गोतमारेच समजायचं. शिवाय ऑफिसात गार हवेचं यंत्र त्या एकाच खोलीत होतं. नागपूरच्या मे महिन्यात ज्याला त्याला त्या खोलीत काहीतरी निकडीचं काम निघायचं. अशा वेळी आठाचे आठच ठेवायचे म्हणजे कठीण काम. शेठजींनी ते बाईंवर सोपवलं आणि बाईंनी ते चपलांवर सोपवलं.

झालं असं, की धुळीनं यंत्र बिघडतं म्हणून त्या खोलीत पादत्राणं न्यायला बंदी होती. बाईंनी कॉम्प्युटर ज्या खोक्यातून आला त्याच्याच फळ्यांचा एक कप्पा सुताराकडून करून घेतला. त्याला आठ खण. प्रत्येक खणावर एकेक नाव, सुबक अक्षरात. ज्याचं नाव त्यानं आपल्या खणात चपला ठेवायच्या आणि आत जायचं. खण रिकामा म्हणजे ते नाव आज कामावर नाही. बाई म्हणायच्या, "नाव झोपलं हाये. त्याले उठवाचं नाही." एकदा डॉक्टरकडे गेलेल्या एका बाईंच्या खणात रंगारी बाईंना पुरुषी चप्पल दिसली. बाई उठल्या. त्यातली एक चप्पल उचलली, आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि शांतपणे काम करत बसल्या. चपलेचा मालक बाहेर आला, शोधाशोध केली, अजिजी केली. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं, "दुसरी संध्याकाळी." तो गृहस्थ एका पायात चप्पल घालून कॅन्टीनला गेला. कॅन्टीनवाल्यानं त्याला पाहताच विचारलं, "कोणाच्या नावानं बसला होता भाऊ?"

ही सजा मीही भोगली आहे. माझं नाव लागलं तेव्हा बाईंनी खणावरची चिठ्ठी स्वतः लिहिली आणि मला पेढाही दिला. म्हटलं, आता आपण घरचे. तिसऱ्याच दिवशी मी मित्राला गार हवा खायला आत नेलं आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं मिळून दोन चपलांवर होतो. घरचा म्हणून सूट नव्हती. पण बाईंचा राग कधी आला नाही, कारण पाठीमागे चुगली करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. चप्पल परत दिली की मामला संपला.

त्यांचं खरं वाजलं ते पांडे साहेबांशी. पांडे साहेब आमचे मॅनेजर. त्यांचे तपकिरी बूट आरशासारखे चकाकायचे आणि ते स्वतःही बहुधा तोंड त्यातच पाहून घ्यायचे. एका मे महिन्यात बँकेला मालसाठ्याची यादी द्यायची होती, काम तुंबलं होतं, आणि आमचे गोतमारे मुलीच्या लग्नासाठी काटोलला गेलेले. साहेबांनी आपल्या पुतण्याला आणलं आणि बाईंना सांगितलं, याला गोतमारेंच्या नावानं बसवा. बाई नाही म्हणाल्या. बाईंचं म्हणणं, नावं कमी पडतात हे खरंच आहे, तर चार नावं आणखी विकत घ्या. हे त्यांनी आधीही दोनदा सांगितलं होतं. साहेबांना ते ऐकायचं नव्हतं. आवाज चढला. शेवटी साहेबांनी हुकूम काढला, की शनिवारपर्यंत रंगारी बाईंनी चार्ज द्यावा आणि सोमवारपासून कन्हानच्या गोदामात बसावं.

आम्हाला वाटलं, बाई आता नमतील. कन्हानचं गोदाम म्हणजे पत्र्याचं छप्पर, वंगणाचा वास आणि येण्याजाण्यात अर्धा दिवस. शिवाय ही खोली त्यांनी उभी केली होती. पुण्याला जाऊन शिकून आल्या होत्या, आम्हा प्रत्येकाचं बोट धरून शिकवलं होतं. हे सगळं सोडून पत्र्याखाली पट्टे मोजत बसायचं. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना म्हटलं, बाई, चार दिवसांचा तर प्रश्न आहे, बसू द्या ना पोराला. बाईंनी डबा बंद केला.

"डांगरे, आज गोतमारेच्या नावानं तो बसला अन् त्यानं घोळ केला, तर उद्या कोणाले पकडाल? लग्नाची हळद आंगावर घेऊन येणाऱ्या त्या गोतमारेलेच ना?"

बाई घाबरलेल्या होत्या, हे मला त्या दिवशी त्यांच्या डब्यावरून कळलं. त्यातली भाकरी त्यांनी मोडलीही नव्हती.

शुक्रवारी बाईंना खोलीबाहेर टेबल मांडून दिलं. चार्जचे कागद त्यांनी तिथं बसून तयार करायचे. आत साहेबांनी आपल्या अधिकारात दोन पासवर्ड बदलून घेतले. गोतमारेंच्या नावानं पुतण्या बसला आणि रंगारी बाईंच्या नावानं स्वतः साहेब. पुतण्याच्या चपला गोतमारेंच्या खणात आणि साहेबांचे चकचकीत बूट बाईंच्या खणात. बाई त्या बुटांकडे पाहत कागद लिहीत होत्या.

भर दुपारी खालून चौकीदाराचा फोन आला, पुण्याचे साहेब जिना चढून राहिले. फोन मीच घेतला आणि मोठ्यानं सांगितला. पांडे साहेब खुर्चीतून असे उठले की खुर्ची फिरत राहिली. समोरच्या दारानं जावं तर पाहुणा त्याच दारात. मागच्या बाजूला एक लोखंडी जिना होता, तो थेट गच्चीवर जायचा. साहेबांनी पुतण्याचा दंड धरला आणि दोघं त्या जिन्यानं वर गेले. बूट आणि चपला समोरच्या कप्प्यातच राहिल्या. मे महिना, नागपूर, दुपारची गच्ची आणि पायात काही नाही. बाकीचं वाचकानं समजून घ्यावं.

पाहुणा तरुण होता, केळकर नावाचा. बूट काढायला वाकला आणि कप्पा पाहून तसाच राहिला. मग एकेक नाव वाचत गेला. रंगारी बाईंच्या खणाशी थांबला.

"या रंगारी बाई कोण?"

"मीच."

"मग हे बूट?"

आम्ही आतून कान लावून ऐकत होतो. बाईंनी खोटं सांगितलं असतं तर कंपनी वाचली असती. खरं सांगितलं तर पाहुणा सॉफ्टवेअर बंद करून जाणार, आणि शेठजी कन्हान सोडाच, बाईंना घरीच बसवणार. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "सांगते ना. पहिले मठ्ठा घ्या. उनातून आले तुमी."

मठ्ठा आला. बाईंनी केळकरांना गाडीला गर्दी होती का ते विचारलं. पुण्याची हवा विचारली. त्यांच्या आईची तब्येत विचारली, जणू आईला त्या ओळखत होत्या. मग कप्प्याची सगळी पद्धत पहिल्या खणापासून समजावून सांगितली, आणि दुसरा पेला ओतला. एवढ्यात डोक्यावर थपथप आवाज सुरू झाला होता. आधी सावकाश, मग भराभर. केळकरांनी छताकडे पाहिलं आणि वर काय चाललंय म्हणून विचारलं. बाईंनी पदर सारखा केला.

"पांडे साहेब हायेत. हे बूट त्यांचेच. साहेब माझ्या नावानं बसून होते अन् गोतमारेच्या नावानं त्यांचा पुतण्या. गोतमारे काटोलले हाये, मी इथं बाहेर हावो. आमाले नावं कमी पडून राहिले, साहेब. आणखी चार द्या अन् त्याचं बिल पाठवा. आता त्या दोघांले खाली बोलवा, पाय भाजत असतीन."

साहेब खाली आले ते एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारतच. गार सतरंजीवर पाय टेकताच त्यांच्या तोंडून असा काही सुस्कारा निघाला, की केळकरांना हसू आवरेना, आणि मग आम्हालाही. केळकर म्हणाले, की गावोगाव तपासायला जातो, सगळीकडे माणूस आत्ताच पाणी प्यायला गेलेला असतो. सरळ उत्तर आज पहिल्यांदा मिळालं. त्यांनी लेखी ताकीद दिली, ती चुकली नाही. पण सॉफ्टवेअर बंद केलं नाही. वाढीव नावांची मागणी तिथेच घेतली.

शेठजींनी साहेबांना लगेच बोलावलं. साहेब बूट घ्यायला कप्प्याशी आले, तर खणात एकच बूट. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी त्यांच्यासमोर भाजल्यावरचं मलम ठेवलं आणि म्हणाल्या, "दुसरा संध्याकाळी, साहेब."

पांडे साहेब एका पायात बूट घालून शेठजींच्या केबिनमध्ये गेले. आत काय बोलणं झालं ते माहीत नाही, पण बाहेर आल्यावर त्यांनी कन्हानचा हुकूम स्वतःच्या हातानं फाडला. नंतर कप्प्याला चार खण जोडले गेले, त्यातल्या एकावर पुतण्याचं नाव लागलं आणि त्यालाही बाईंनी पेढा दिला. साहेब मात्र बदलले. कोणी नवा माणूस आला की त्याला कप्प्याशी नेऊन म्हणायचे, "पहले यहां नाम लगवाओ, फिर मुझे नमस्ते करो."

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी भाषणं झाली, हार झाले. त्या सगळ्यातून उठून बाई आत गेल्या, यंत्रातून आपलं नाव स्वतः काढलं आणि पुण्याच्या पत्रावर सही केली. उद्या काढू म्हणून मी म्हणत होतो. ऐकलं नाही. "माणूस गेला की नाव त्याच दिवशी काढाचं गा. नाही तर मागून भलतेच लोक त्याच्या नावानं जगतात." मग बाहेर येऊन खणावरची चिठ्ठी सोडवली आणि पाहिलं तर खणात एकच चप्पल.

आम्ही सगळे माना खाली घालून उभे. बाईंनी एकेकाच्या पायांकडे पाहिलं. शेवटी नजर त्या चकचकीत बुटांवर थांबली. पांडे साहेब म्हणाले, "दूसरी शाम को, बाई."

बाई हसल्या आणि हसता हसता रडल्या. मी त्यांना रडताना त्याच दिवशी पाहिलं आणि मलाही राहवलं नाही. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "ठेवा मग. त्या निमित्तानं येईन कधी. पण खणात ठेवू नका. माझं नाव निघालं." आणि एक पाय अनवाणी तशाच रिक्षात बसल्या.

चप्पल कप्प्याजवळ खाली जमिनीवर ठेवली होती. शिपाई रोज झाडताना ती उचलायचा आणि परत जागेवर ठेवायचा. आज येईन, उद्या येईन असे बाईंचे निरोप यायचे. थंडीत बाई आजारी पडल्या आणि गेल्या. आम्हाला कळलं ते दुसऱ्या दिवशी.

नागपुरातच इंदोरा भागातल्या त्यांच्या घरी पांडे साहेब आणि मी गेलो. साहेबांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती चप्पल होती. बाईंच्या मुलानं दार उघडलं. दाराशी बरीच पादत्राणं पडली होती आणि एका बाजूला बाईंची दुसरी चप्पल, एकटीच. मुलगा म्हणाला, आई कोणालाच ती उचलू द्यायची नाही. म्हणायची, तिची जोडी अजून नोकरीत हाये.

पांडे साहेब खाली बसले. कागद सोडला आणि आणलेली चप्पल तिच्या जोडीला नीट लावून ठेवली.

"शाम हो गई, बाई," ते म्हणाले.