पाचवं अक्षर

पुण्यातली नोकरी सोडून मी माझ्या गावी, मेडशीला घरी परतलो, तेव्हा माझ्याकडे थोडी क्रिप्टो, म्हणजे इंटरनेटवरचं आभासी चलन, होती. तिची किल्ली पेनड्राइव्हएवढ्या एका यंत्रात. ती कुठे पाठवायची असली की यंत्राच्या इवल्या पडद्यावर घेणाऱ्या खात्याचा पत्ता, अक्षरं-आकड्यांची लांब माळ, यायचा आणि दोन बटणं दाबून मंजुरी द्यायची. तीच सही. भाजीच्या रोपांची नर्सरी टाकायची म्हणून मी क्रिप्टो विकायला काढली, आणि सहीच होईना.

सकाळपासून लॅपटॉपला यंत्र दिसत नव्हतं. मी उठायचो, अंगणात फेरी मारायचो, परत येऊन तेच करायचो. दुपारी कळलं, वायर नुसती चार्जिंगची होती. दुसरी लावली, तर यंत्राचं सॉफ्टवेअर जुनं निघालं. ते अपडेट होईपर्यंत नेट दोनदा गेलं. इंटरनेटवर एका गटात अडचण लिहिली, तर मदत करतो म्हणणाऱ्या एकाने माझे चोवीस गुप्त शब्दच मागितले; ते ज्याच्या हाती, त्याची सगळी क्रिप्टो. मी उत्तर दिलं नाही.

अखेर यंत्रावर पत्ता उमटला. क्रिप्टो विकायच्या ॲपमधल्या माझ्या खात्याचा खरा पत्ता फोनवर होता. पहिली चार अक्षरं जुळली तशी मी बटणांवर बोटं ठेवली. शेजारी वहिनी मेथीच्या जुड्या बांधत होती. घाई असली तरी आधी सगळं वाचून घ्या, म्हणाली. मी चिडून फोन तिच्या हाती दिला आणि यंत्रावरची अक्षरं एकेक करून म्हणू लागलो. पाचव्याला ती थांबली.

"भाऊजी, अठी फोनवर सात हाय. तुमी इंग्रजी 'बी' म्हणून राह्यले."

"वहिनी, नीट पाह्य."

"सातच हाय. दाबू नका."

मी मंजुरी नाकारली, पत्ता पुन्हा कॉपी केला. पुन्हा तेच. लॅपटॉपात व्हायरससारखं काहीतरी शिरलं होतं. मी एक पत्ता उचलायचो, ते सुरुवात सारखीच असलेला दुसराच चिकटवायचं.

दुसऱ्या दिवशी एसटीने वाशीमला गेलो. मित्राच्या कॉम्प्युटरवर पत्ता तीनदा वाचला, तोही कंटाळला, मग सही केली. पैसे आले. लॅपटॉपातलं सगळं पुसून घेतलं.

तरी आठवडाभर जेवता जेवता उठून मी कपाट उघडायचो, यंत्र जागेवर आहे ना बघायला. बटण दाबलं असतं तर काय झालं असतं, वहिनीने एकदा विचारलं. सारं गेलं असतं आणि कुणाकडे मागायलाही जाता आलं नसतं, असं मी सांगितलं. ती उठली आणि कपाटाचं दार नीट लावून आली.