खडूचा गोल

माझं टेबल काज-बटणांचं आणि ते बरोबर दोघींच्या मध्ये येतं. डावीकडे कॉलर शिवणारी वहिनी, उजवीकडे तपासणीवाल्या ताई. ताई म्हणजे वहिनीच्या थोरल्या नणंदबाई, राहायलाही दोघी एकाच घरात. वहिनीने शिवलेले शर्ट ताईंकडे माझ्या टेबलावरूनच जातात, त्यामुळे नाक खुपसायला मला वेगळे कष्ट पडत नाहीत.

आमच्या कारखान्याची रीत अशी, की खोट सापडली तर ताई तिथे खडूने गोल काढून शर्ट परत पाठवतात. ज्याच्याकडे गोल आला त्याने काही विचारायचं नाही, मुकाट्याने उसवायचं. चांगल्या कामाला खूण नाही आणि शब्दही नाही. एकवीस वर्षं हे करून ताईंचा स्वभाव असा झाला, की स्वभाव असा म्हणूनच त्यांना हे काम मिळालं, हे मला अजून उलगडलेलं नाही. घरीही भाजी खारट झाली तर तेवढं सांगतात. एरवी तोंडात मिठाची गुळणी.

पण मला छळायची ती दुसरीच गोष्ट. बाकीच्यांचे शर्ट ताई फटाफट उलटतात, वहिनीची कॉलर मात्र त्यांच्या हातात जरा जास्त वेळ राहते. दोन्ही टोकं जुळवून बघतात, टिपेवरून अंगठा फिरवतात आणि ठेवून देतात. तीन वर्षांत तिला एकही गोल नाही. मग एवढं बघतात तरी काय?

त्या बुधवारी डबा खाताना वहिनी हळूच म्हणाली, "समोरच्या कारखान्यात बोलावलंय मला. शनिवारी होकार कळवायचाय."

"इथे काय दुखतंय?"

"ताईंना माझं काम पसंत नाही. इथे नाही की घरात नाही, कधी एक शब्द नाही. शिवायचं तरी कुणासाठी मग?" असं म्हणून तिने अर्धा डबा तसाच झाकला. मला वाईट वाटलं. शिवाय माझ्या पोटात काही राहत नाही. दुपारीच मी ताईंना सांगून टाकलं.

"पसंत नाही?" ताईंनी चष्मा काढला. "अगं, तिच्यासारखी कॉलर आहे का कुणाची इथे? मी तर मुद्दाम बघत बसते."

"मग सांगा की तिला."

"गोल नाही म्हणजे चांगलंच. वेगळं काय सांगायचं?" असं म्हणाल्या खऱ्या, पण चष्मा बराच वेळ पुसत राहिल्या.

शुक्रवारी ताईंनी वहिनीचा एक शर्ट हातात घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि कॉलरवर खडूने छोटासा गोल काढला. मी मान लांब करून पाहिलं. टीप तर सरळसोट होती. वहिनीने तो गोल पाहिला आणि तिचा चेहराच उतरला. काही न विचारता तिने कात्री घेतली आणि अख्खी कॉलर उसवली.

ताई उठून आल्या. "अगं, उसवलीस कशाला?"

"गोल होता."

"तो..." ताई माझ्याकडे बघायला लागल्या. मी बटणांत तोंड घातलं. "तो चांगली झाली म्हणून काढला होता."

वहिनी हातातल्या उसवलेल्या कॉलरकडे बघत राहिली. "तोंडाने सांगायचं ना, ताई."

"तेच तर येत नाही मला," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

वहिनीने कॉलर पुन्हा बसवली, पण घाईत एक टोक कललं. ताईंनी ते पाहिलं आणि खडूकडे गेलेला हात मागे घेतला. "डावं टोक कललंय," त्या म्हणाल्या. "पण आधीची फार सुंदर होती. तशीच कर." आणि शिवून होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

शनिवारी मी सकाळपासून चुळबुळत होते. डबा उघडताच विचारलं, "काय गं, होकार कळवलास?"

"नाही येत म्हणून निरोप पाठवला." वहिनीला हसू येत होतं. "काल रात्री जेवताना म्हणाल्या, भाजी छान झालीय. मी घाबरून आधी मीठ चाखून बघितलं."