पाठीवरची रेघ

आज तिगावच्या मैदानावर कबड्डीसाठी पाणी मारलं आणि ओल्या मातीच्या वासानं दादा आठवला. त्या वर्षी इथंच मोहगावशी सामना बरोबरीत होता. शेवटच्या चढाईत परतताना त्यांच्या गड्याचं बोट दादाच्या पाठीला लागलं. पंचाला दिसलं नाही. दादा स्वतःच हात वर करून बाहेर गेला आणि आम्ही हरलो.

"कायले हात वर केला? कोणी पाहून राहिलं होतं का?" बाबा ओरडले.

"मले लागलं होतं ना, बाबा."

घरी येईपर्यंत त्याच्या मातकट पाठीवर ती बोटाची रेघ दिसत होती. पुन्हा त्याला कोणी संघात घेतलं नाही.

मागच्या महिन्यात दादा गेला. संघातलं कोणी फिरकलं नाही. मोहगावचा तो गडी मात्र खांदा द्यायला आला. म्हणाला, "मी असतो तं हात वर नसता केला."