नावासाठी सोडलेली जागा

आधीच सांगते, भोरमध्ये भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची कमी नाही, आणि त्यांची खिल्ली उडवणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे. घाटात गाडीला हात करणारी बाई म्हणे, धरणाच्या पाण्यातून ऐकू येणारी घंटा म्हणे... अहो, मी रोज आवाजांचंच काम करते! निम्मी भुतं म्हणजे सैल झालेला पत्रा आणि उरलेली मांजरं, असं माझं स्पष्ट मत. होतं म्हणा.

माझा घरातच छोटा स्टुडिओ आहे. स्टुडिओ कसला, मागची खोली! आवाज घुमू नये म्हणून भिंतींना आईच्या हातच्या गोधड्या ठोकल्यात. गाणारा आत, मी बाहेर कॉम्प्युटरपाशी, मध्ये दाराला एक काच. आतल्या माणसाला काही सांगायचं तर काचेवर टकटक करायची, नाहीतर सरळ दार उघडून ओरडायचं. भजनी मंडळं, हळदीची गाणी, रिक्षावर लावायच्या जाहिराती... येईल ते करते. शेजारी पिठाची गिरणी आहे. ती दुपारी जेवणाला बंद होते, तेवढ्यात माझं रेकॉर्डिंग उरकायचं.

आई माझ्या भावाकडे, संतोषकडे, विंझरला असते. तिकडे कुणाकडेही बारसं असलं की पाळणा म्हणायला आईलाच बोलावणं. तर गेल्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन करावंच लागणार, आणि त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी दवाखान्याच्या जिन्यातच बसून रडायला लागले. आई मलाच म्हणाली, "उठ आगोदर. लोक बगत्यात."

तिला खंत एकच. संतोषची बायको पूनम तेव्हा गरोदर होती. "साऱ्या गावाच्या पोरांचं पाळणं म्या म्हटलं," आई म्हणाली, "आन माज्या नातवंडाच्या टायमाला मुकी बसू व्हय?"

मग ठरलं, ऑपरेशनच्या आधी तिचा पाळणा रेकॉर्ड करायचा. अडचण अशी की पाळण्यात बाळाचं नाव येतं. नाव ठेवणार मी, बाळाची आत्या. आणि आत्याने ते बारशापर्यंत कुणालाही सांगायचं नसतं. तरी मी म्हटलं, "आई, तुला सांगू का हळूच?"

"गप! पोर जल्मायच्या आदी नाव घेत न्हाईत. मी तितं गप ऱ्हाते, बायका घेतील नाव." मग म्हणाली, "तेवडंच माज्या तोंडून जायाचं न्हाई. आसू दे."

खरं सांगते, मी नाव ठरवलेलं होतं. मुलगीच होणार, असा माझा उगाचच हट्ट, आणि नाव नीरा. रोज नीरा नदीच्या पुलावरून जाते ना, तेव्हाच कधीतरी मनात बसलं. संतोष टिंगल करेल म्हणून कुणाला बोलले नव्हते. कुठे लिहिलंही नव्हतं.

आई यायची त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला. हे आमच्या कामातलं साधं काम आहे. पंखा, फ्रिज, लांबचा रस्ता यांची घरघर सॉफ्टवेअरला आधी ऐकवायची, मग गाण्यातून ते तेवढीच घरघर काढून टाकतं, तांदळातले खडे काढावेत तशी. आई तेव्हा अजून नसरापूरला ST बदलत होती.

दुपारी गिरणी थांबली आणि आई गायली. हेडफोनमध्ये तिला फक्त तंबोऱ्याचा सूर दिला होता. नावाची जागा आली की ती गप्प व्हायची, डोळे मिटून मांडीवर ठेका धरायची, की पुढची ओळ. एका दमात झालं. बाहेर येऊन माझ्याकडे बघून हसली, आणि म्हणाली, "ग्वाड झालं बग." मला वाटलं, गाणं गोड झालं म्हणतेय.

ऑपरेशन झालं. आवाज गेला.

आईला विंझरला सोडून परत आले आणि एका सकाळी ती फाइल उघडली. खोलीचा आवाज सॉफ्टवेअरला दाखवला, गाण्यातून काढ म्हणून बटण दाबलं. ऐकते तर पंखा जागच्या जागी! आईच्या बांगड्या आहेत, मांडीवरचा ठेका आहे, मधला खोकलासुद्धा आहे... फक्त गाणं नाही. आईचा आवाज तेवढा नेमका निघून गेला होता.

मूळ फाइल तपासली, तिच्यात गाणं शाबूत. म्हणजे माझीच चूक असणार, भलता तुकडा निवडला असेल. पुन्हा केलं, तेच. तोच रिकाम्या खोलीचा आवाज दुसऱ्या एका भजनाला लावला, तर पंखा गेला आणि भजन राहिलं. मग नुसती रिकामी खोली ऐकली, आवाज चढवून चढवून ऐकली. पंख्याशिवाय काही नाही.

सॉफ्टवेअरमध्ये काय काढून टाकलं तेवढंच ऐकायची सोय असते. ते लावलं. आईचा आवाज. स्वच्छ, घरघर नाही, खोकला नाही. मी रडतच ऐकत होते. मग नावाची जागा आली आणि आईनं गायलं... नीरा.

हेडफोन काढून फेकलाच मी! जे मूळ फाइलमध्ये नाहीच, ते तिच्यातून निघेल कसं? आडात नाही ते पोहऱ्यात येणार कुठून? लगेच संतोषला फोन लावला. "आई बरी आहे ना रे?"

"चहा पितीया. का गं?"

"काही नाही," म्हटलं. फोन ठेवला.

पूनमला मुलगी झाली. मी मात्र ठरवलं, नीरा नाव ठेवायचं नाही. भीती वाटत होती हो, दुसरं काय! आईच्या आवाजात ते नाव घेणारी आई नव्हती, मग कोण होतं? ते नाव मी तान्ह्या पोरीच्या कानात कशी सांगू? सई ठेवायचं ठरवलं.

बारसं विंझरलाच झालं, आईला दगदग नको म्हणून. मी मूळ रेकॉर्डिंग लावलं, पंख्यासकट. आई पाळण्याची दोरी धरून समोर, गळ्याला रुमाल. आपल्याच गाण्याबरोबर तिचे ओठ हलत होते. नावाची जागा आली तशी मी वाकले, बायकांनी रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या, आणि 'सई' म्हणणार तेवढ्यात माझी नजर आईकडे गेली. आईचे ओठ थांबले नव्हते. नी... रा.

मी बाळाच्या कानात नीरा म्हणाले.

"नीरा?" संतोष ओरडला. "आगं, हायवेला प्यायला मिळती ती?" सगळे हसले. आई सगळ्यात जास्त, आवाजाविना.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, "आई, तुला नाव कसं कळलं?" तिनं तिची लिहून बोलायची पाटी ओढली. चौथी शिकलेल्या माझ्या आईनं मोठ्ठ्या अक्षरात लिहिलं, 'तूच सांगितलं की.' कानांवर दोन्ही हात ठेवून हेडफोन दाखवला. पुसून पुन्हा लिहिलं, 'गाताना. दर येळी. मी मनात म्हणून घेतलं.'

हेडफोनमध्ये माझा आवाज जायची सोयच नाही. आणि मी तर काचेबाहेर तोंड मिटून बसले होते. त्यानंतर दोन-तीन जाणकारांना सगळं दाखवलं. सॉफ्टवेअरची गडबड म्हणतात, पण कसली ते कुणालाच सांगता येत नाही.

त्या दिवशी आईनं पाटी बाजूला ठेवली, माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिच्यासाठी नाव आधीच सांगून मी रीत मोडली, असं वाटलं असणार तिला. असं निवांत तोंड मी तिचं आजारपणात एकदाही पाहिलं नव्हतं. मग नजरेनंच विचारलं, तूच ना?

"हो आई," मी म्हटलं. "मीच."